जगायचे कशासाठी? : अभ्यासवर्गातील एका प्रश्नाविषयी

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमशः वाचन चालते. वाचन झाले की प्रश्नोत्तरे होतात. प्रश्न बहुधा ठरलेले असतात. पंचशील आणि दहा पारमिता यांत फरक कोणता, पुनर्जन्माविषयी बाबासाहेबांचे मत काय, वंदनेतील अमुक पाली शब्दाचा अर्थ काय, अशा स्वरूपाचे ते असतात. मागे एका रविवारी मात्र स्पर्धा परीक्षेत तीन वेळा अपयश घेऊन गावी परतलेल्या एका तरुणाने निराळाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “सर, एवढं शिकाचं कायले, अन् कमवाचं तरी कायले? शेवटी मराचंच हाये. मंग हे सारं कायले?”

काही मुले हसली. आम्हांलाही क्षणभर वाटले की हा परीक्षेच्या निकालाचा राग आहे, चार दिवसांनी उतरेल. परंतु त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर तसे म्हणण्याचे धाडस झाले नाही. त्या दिवशी आम्ही त्याला जे उत्तर दिले ते पाठ केलेले होते आणि ते त्याला पटले नाही, हे आम्हांला कळले. पुढे तीन-चार रविवार वर्गात याच प्रश्नावर चर्चा झाली. या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचे ठरले तेव्हा दुसरा विषय शोधण्याची गरज उरली नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा प्रश्न रिकाम्या डोक्याचा नाही. आपल्या नांदुरा तालुक्यात राहणाऱ्या माणसाला तो सुचण्यास कारणे पुष्कळ आहेत. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा आपण जाणतो. जमीन काळी, कसदार. पण विहीर खणली तर पाणी खारे. ते पिण्याच्या उपयोगाचे नाही आणि पिकालाही मानवत नाही. म्हणजे पायाखाली पाणी असून आभाळाकडे पाहायचे. कपाशी चांगली आली तर भाव पडतो, भाव वाढतो त्या वर्षी कपाशी येत नाही. केंद्र सरकारने २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला बुलढाणा जिल्हा होता. तेव्हा ‘हे सारं कायले?’ हा प्रश्न येथे पुस्तकातून आलेला नाही, तो वावरातून आला आहे.

तथापि पुस्तकांतही तो आहे. अल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने १९४२ साली या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने ग्रीक पुराणातील सिसिफसची कथा घेतली आहे. देवांनी सिसिफसला शिक्षा दिली की त्याने एक प्रचंड शिळा डोंगराच्या माथ्यावर ढकलत न्यावी. शिळा माथ्यावर पोहोचली की आपल्याच भाराने पुन्हा पायथ्याशी येते. पुन्हा ढकलायची, पुन्हा ती खाली येते. याला अंत नाही. काम्यूचे म्हणणे असे की मनुष्य जगाकडे अर्थ मागतो आणि जग काहीच बोलत नाही. या दोहोंच्या विसंगतीतून जीवन निरर्थक भासते. मग मनुष्याने काय करावे? खोटी आशा धरू नये आणि जीवही देऊ नये. शिळा आपली म्हणून ढकलावी आणि त्या ढकलण्यातच आपले समाधान मानावे, असे त्याचे उत्तर आहे.

हे उत्तर ताठ मानेचे आहे, यात शंका नाही. वर्गातील मुलांनाही ते आवडले. परंतु आपल्या समाजाने ही कथा वाचताना एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती शिळा सिसिफसच्या माथी कोणी मारली? देवांनी. म्हणजे ती निसर्गाची गोष्ट नव्हती, ती शिक्षा होती. शिक्षा देणारा कोणीतरी होता. सिसिफसने ती कशी सोसावी याचा विचार काम्यूने खोलवर केला, पण शिक्षा देणाऱ्याचा अधिकार कोणता, हा विचार त्याच्या उत्तरात मागे राहतो. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी लादलेले दगड वाहण्यात गेल्या, त्यांना हा विचार मागे ठेवून चालत नाही.

आणि येथे आपल्या इतिहासातील एक फार महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. युरोपातील विचारवंतांना जीवनाचा अर्थ हरवल्याचे दुःख झाले. आपल्या पूर्वजांचे दुःख वेगळे होते. त्यांच्या जीवनाला अर्थ नव्हता असे नाही. अर्थ होता, पण तो दुसऱ्यांनी ठरवून दिलेला होता. ‘तू या जातीत का जन्मलास? मागच्या जन्मीच्या पापामुळे. तू मेलेली ढोरे का ओढायचीस? तेच तुझे विहित कर्म म्हणून.’ सगळ्या प्रश्नांची उत्तरे तयार होती. जगात विसंगती म्हणून काही उरलीच नव्हती!

संत चोखामेळा यांचे उदाहरण घ्या. आपल्याच जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे त्यांचे जन्मगाव म्हणून सांगितले जाते. त्यांच्या अभंगांत विटाळ कल्पनेला विचारलेले रोखठोक सवाल आहेत, देवाशी केलेले भांडण आहे. परंतु त्यांच्याच नावावरील एका अभंगात आपल्याला हा जन्म पूर्वीच्या जन्मातील देवनिंदेमुळे मिळाला, असाही भाव आहे. इतका मोठा मनुष्य, पण लादलेल्या अर्थाने त्यालाही गाठलेच. पुढे १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम करीत असताना भिंत कोसळली आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबांचा अंत झाला. ज्या गावाने त्यांना कुसाबाहेर ठेवले, त्या गावाचे कुसू बांधताना ते गेले. याहून विसंगत मृत्यू दुसरा कोणता असेल? बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला १९४८ सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, याचे स्मरण या ठिकाणी होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली आणि हा लादलेला अर्थ आपण टाकून दिला. पूर्वजन्मीचे कर्म, विधिलिखित, देवाची इच्छा ही सर्व उत्तरे गेली. ही मुक्ती होती. पण मुक्तीबरोबर एक रिकामी जागाही येते. पूर्वी आजीला विचारले तर ती म्हणे, ‘नशिबात होतं बाप्पा.’ आज तिच्या नातवाला तसे म्हणता येत नाही. त्याला खरोखरच विचार करावा लागतो. वर्गातील त्या तरुणाच्या प्रश्नाकडे आम्ही आता असेच पाहतो. त्याचा प्रश्न हा धम्मापासून ढळल्याचे लक्षण नाही. ज्याने तयार उत्तरे टाकली त्यालाच असा प्रश्न पडू शकतो.

मग त्या रिकाम्या जागी काय ठेवावयाचे?

भगवान बुद्धांपुढे हाच पेच मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने मांडला होता. जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, शरीर व जीव एक की भिन्न, मृत्यूनंतर तथागत असतो की नसतो, याची उत्तरे मिळाली तरच मी आपल्यापाशी राहीन, अन्यथा चीवर सोडून जाईन, असे तो म्हणाला. मज्झिम निकायातील ही कथा पुष्कळांस ठाऊक असेल. बुद्धांनी त्याला बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. आप्तांनी वैद्य आणला आहे, आणि जखमी मनुष्य म्हणतो की बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, उंच की ठेंगणा, धनुष्य कशाचे, दोरी कशाची, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही. ते कळण्याआधी तो मरून जाईल.

यावर वर्गातील एका मुलीने आम्हांला चांगलेच अडवले. ती म्हणाली, “सर, मघाशी तुम्ही म्हणाले की दगड कोणी लादला ते विचारा. आता म्हणता बाण कोणी मारला ते विचारू नका. मग खरं कोणतं?” प्रश्न अचूक होता. दोन दिवस विचार केल्यावर आम्हांला जे सुचले ते असे. बाण छातीत रुतलेला असताना तो आधी काढला पाहिजे. मारणाऱ्याची उंची आणि वर्ण विचारीत बसणे म्हणजे मरण ओढवून घेणे. पण मारणारा जर अजून झाडाआड उभा राहून बाण सोडीतच असेल, तर तो कोठे आहे हे पाहणे हा वैद्यकीचाच भाग आहे. जे विचारल्याने दुःख कमी होते ते विचारावे. जे विचारल्याने केवळ वेळ जातो ते बाजूस ठेवावे. ‘विश्वाचा हेतू काय?’ हा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याचे उत्तर मिळाले काय आणि न मिळाले काय, शेजारच्या घरातील उपाशी मूल उपाशीच राहते.

याच दृष्टीने बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा तपासली. परंपरेने सांगितले की सिद्धार्थाने वृद्ध, रोगी व प्रेत पाहिले आणि वैराग्य येऊन तो घराबाहेर पडला. म्हणजे तोही ‘शेवटी मराचंच हाये’ एवढ्याने घर सोडून गेला, असा त्याचा अर्थ झाला. बाबासाहेबांना हे पटले नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी किंवा मेलेला मनुष्य पाहिलाच नाही, हे बुद्धीला कसे पटावे? आणि जीवन दुःख, मृत्यू दुःख, पुनर्जन्मही दुःख एवढेच जर धम्म सांगत असेल, तर माणसाने कशाच्या आधारावर जगावे, हा सवाल त्यांनी ग्रंथाच्या परिचयातच केला आहे. आमच्या मते त्या तरुणाच्या प्रश्नाचे बाबासाहेबांनी केलेले हे शास्त्रीय रूप आहे.

बाबासाहेबांनी त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला. शाक्य आणि कोलिय या दोन्ही राज्यांची शेती रोहिणीच्या पाण्यावर होती. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून दरवर्षी कुरबुर होत असे. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना दोन्ही बाजूंच्या सेवकांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. आपली दोन माणसे, त्यांची दोन माणसे आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. संघाची आज्ञा मोडणाऱ्याला देहान्त किंवा देशत्याग आणि घरच्यांवर बहिष्कार व मालमत्तेची जप्ती, असा पेच उभा राहिला. तेव्हा घरच्यांना झळ लागू नये म्हणून त्याने स्वतः परिव्रज्या स्वीकारली.

पाण्यावरून भांडण म्हणजे काय, हे खारपाणपट्ट्यातील वाचकाला निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बांधावरच्या पाळीवरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले आपण पाहिले आहेत.

परंतु कथेचा जो भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो यापुढे आहे, आणि वाचनात तो बहुधा घाईने उरकला जातो. सिद्धार्थ राजगृहाकडे गेल्यानंतर पाच परिव्राजक त्याला भेटले. त्यांनी बातमी आणली की शाक्य आणि कोलिय यांच्यात समेट झाला! लोकांनी युद्धाविरुद्ध आवाज उठविला, तंटा मिटविण्याची व्यवस्था झाली. सिद्धार्थाचेच म्हणणे खरे ठरले होते. आता तो घरी जाऊ शकत होता.

क्षणभर त्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहा. ज्या कारणासाठी राज्य सोडले, पत्नी सोडली, तान्हे मूल सोडले, ते कारणच नाहीसे झाले. आपला त्याग व्यर्थ गेला, असे कोणालाही वाटले असते. जीवनाची विसंगती म्हणतात ती याहून वेगळी काय असते? सिसिफसची शिळा निदान खाली येत होती. येथे शिळाच अदृश्य झाली. आमच्या त्या विद्यार्थ्याचेही हेच झाले होते. अधिकारी व्हायचे म्हणून पाच वर्षे घातली, वयाची अट उलटत आली, आणि ज्यासाठी सर्व केले ते आता होणार नाही असे दिसू लागले.

सिद्धार्थाने तेथे काय केले? तो परत गेला नाही, आणि ‘सर्व व्यर्थ’ म्हणूनही बसला नाही. त्याने आपलाच प्रश्न पुन्हा तपासला. शाक्य-कोलियांचे युद्ध टळले, पण कलह टळला का? राजाराजांत कलह आहे, वर्गावर्गांत आहे, घरात आई व मुलगा यांच्यात आहे, भाऊ-बहिणीत आहे. युद्ध हे त्या मोठ्या दुःखाचे एक तोंड होते. ते मिटले तरी माणसाचे माणसाला दुःख देणे चालूच आहे, आणि त्यावर उपाय अजून कोणाला सापडलेला नाही. एक नदी होती तेथे सगळे जग आले. त्याच्या गृहत्यागाला अर्थ आधीपासून नव्हता. कारण संपल्यानंतर त्याने जो नवा प्रश्न हाती घेतला, त्याने तो मागाहून दिला.

आम्हांला वाटते, धम्माने या प्रश्नाला दिलेले उत्तर हेच आहे. अर्थ आधी सापडतो आणि मग मनुष्य कामाला लागतो, असे घडत नाही. समोरच्या दुःखाला हात लावला की अर्थ हाताला लागू लागतो. तोही कायमचा नाही. अनित्यतेचा नियम त्यालाही आहे. एक काम संपते, फसते, दुसरे घ्यावे लागते.

येथवर चर्चा आली आणि आम्ही समाधानाने ग्रंथ मिटणार, तोच मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका वयोवृद्ध उपासिकेने तोंड उघडले. त्या कधी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, “भाऊ, ते पान्याचं भांडन झालं. मानसानं मानसाले देल्लं थे दुख झालं. पन माह्यं पोरगं वावरात वीज पडून गेलं. त्या विजेले कोन जिम्मेदार?”

वर्गात कोणी बोलले नाही. आम्हीही नाही.

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. बाबासाहेबांनी धम्माचा केंद्रबिंदू मनुष्य आणि मनुष्यामनुष्यांतील संबंध हा मानला. त्यामुळे अन्यायातून येणाऱ्या दुःखाला उत्तर मिळाले. पण ज्या दुःखाला गुन्हेगारच नाही त्याचे काय? वीज, साप, तापाने गेलेले लेकरू. तेथे लढायचे कोणाशी?

किसा गौतमीची कथा नेमकी याच ठिकाणची आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरली. बुद्धांनी तिला मूठभर मोहरी आणावयास सांगितले, मात्र ज्या घरी कोणीच मेले नाही अशा घरची. ती घरोघर फिरली. मोहरी सगळीकडे होती, तसे घर कोठेच नव्हते. या कथेचे तात्पर्य ‘मृत्यू अटळ आहे’ असे सांगितले जाते. तेवढेच सांगायचे असते तर बुद्धांनी ते एका वाक्यात सांगितले असते. तिला दारोदार का पाठविले? आमचा तर्क असा की प्रत्येक दारात एका बाईने तिला आपल्या मेलेल्या माणसाविषयी सांगितले असेल. मोहरीसाठी गेलेली किसा गौतमी गावभरचे दुःख ऐकून आली. विजेला कोणी जबाबदार नाही हे खरेच आहे, आणि त्या उपासिकेला आमच्यापाशी याहून निराळे उत्तर नाही. पण वीज पडल्यानंतर त्या माउलीच्या घरी कोण गेले आणि कोण गेले नाही, याला आपण जबाबदार आहोत. हे आम्ही त्यांना सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “तेराव्याले लोक आल्ते. मंग कोनी नाही आलं.”

खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यातही असे दुःख होते. त्यांना पाच अपत्ये झाली; त्यांतील चार बालपणीच गेली, एकटे यशवंतराव राहिले. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी मुलांबरोबर आपल्या जीवनातील चवच गेल्याची वेदना मांडली आहे. हे पत्र वाचताना, बॅरिस्टर होऊन आलेल्या त्या महापुरुषालाही ‘हे सारे कशासाठी?’ हा प्रश्न त्या महिन्यांत पडलाच नसेल, असे आम्हांला म्हणवत नाही.

आठ महिन्यांनी, १९ व २० मार्च १९२७ रोजी, ते महाडला होते. २० मार्चला हजारो लोकांसह ते चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी ओंजळीने प्यायले. पुत्रशोकातून महाड घडले असे म्हणणे चुकीचे होईल. त्या परिषदेमागे बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता, कोकणातील कार्यकर्त्यांचे श्रम होते. आम्ही एवढेच म्हणतो की ज्याच्या जीवनाची चव गेली होती, तो मनुष्य दुसऱ्यांच्या ओंजळीत पाणी यावे म्हणून तेथे उभा होता.

आणि पुढे काय झाले ते पाहा. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी लोक जमले, तर न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आलेला होता. शिळा पार पायथ्याशी! त्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की या तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होऊ असे नाही. आजवर त्यावाचून आपण मेलो नव्हतो. आपण जात आहोत ते इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. ‘शेवटी मराचंच हाये’ याला यापरते सरळ उत्तर आम्हांला माहीत नाही. मरण त्यांनी नाकारले नाही, ते हिशेबातच धरले नाही. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे. दरम्यान २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. तो निकाल त्यांनी पाहिला नाही.

काम्यूकडे थोडे परत जाऊ. त्याच्या विचारांतही पुढे बदल झाला, आणि तो सांगितला नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. १९४७ साली त्याची प्लेगवरील कादंबरी आली. तिच्यातील डॉक्टर रियू प्लेग हटेल या खात्रीने काम करीत नाही. रोगी समोर आहे म्हणून करतो. त्याच्याबरोबर इतरही येतात. सिसिफस एकटा होता, येथे पथक आहे. आपल्याकडे मात्र ही गोष्ट कादंबरीच्या पन्नास वर्षे आधी प्रत्यक्ष घडली होती. १८९७ साली पुण्यात प्लेग असताना सावित्रीबाई फुले यांनी प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते. जोतीराव जाऊन सहा वर्षे झाली होती. या वयात असे कशासाठी, असे त्यांना कोणी विचारले असेल तर त्या उत्तर द्यायला थांबल्या असतील असे वाटत नाही. मूल पाठीवर होते.

(योगायोगाने एक नोंद. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, आणि काम्यूला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेही १९५७ सालीच. दोघांची दखल जगाने कशी घेतली, याची तुलना वाचकांनी स्वतःच करावी.)

महाविद्यालयात मराठी घेतलेले विद्यार्थी ‘कोसला’ वाचतात. भालचंद्र नेमाडे यांची ही १९६३ सालची कादंबरी आपल्या शेजारच्या खानदेशातील मुलाची आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, सगळ्याचा फोलपणा अनुभवतो, धाकट्या बहिणीच्या मृत्यूने कोसळतो, अजिंठ्याला बुद्धापुढेही जाऊन येतो आणि शेवटी गावी परततो. मुलांना तो आपलासा वाटतो, आणि वाटावा, कारण तो खोटे बोलत नाही. आमचे एवढेच निरीक्षण आहे की त्याला मित्र पुष्कळ आहेत, संघ नाही. त्रिशरणात बुद्ध आणि धम्म यांच्या जोडीला संघ का ठेवला असावा, याचा विचार पांडुरंगला समोर ठेवून केला तर तो लवकर उमगतो.

एका गोष्टीविषयी मात्र कार्यकर्त्यांनी सावध राहावे. असा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण चर्चेसाठीच विचारतो असे नाही. कोणी झोपत नसेल, जेवत नसेल, माणसे टाळीत असेल, देण्याघेण्याची आवराआवर करीत असेल, तर त्याच्यापुढे ना बुद्धाचा दाखला द्यावा ना काम्यूचा. बाण आधी काढावा. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना सांगावे, डॉक्टरकडे न्यावे. मनाचा आजार हा तापासारखाच आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवण्यास खर्च काही नाही.

तो तरुण आता सायंकाळी दहावीच्या मुलांना विहारात गणित शिकवितो. परीक्षा सोडली की पुन्हा देणार आहे, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले का, असे मागे सहज विचारले, तर म्हणाला, “नाही सर. पन सात वाजता पोरं येतात ना.” त्या वृद्ध उपासिकेकडे दर पौर्णिमेला महिला मंडळाच्या दोघी-तिघी जाऊन बसतात. मुलाचे नाव निघाले की त्या बोलतात, नाही निघाले तर भाजी निवडतात.

पुढील वर्गासाठी सर्वांनी प्रथम खंडातील परिव्रज्येपासून पाच परिव्राजकांच्या भेटीपर्यंतचा भाग घरी वाचून यावे. वाचताना एका प्रश्नावर खूण करून ठेवावी: समेटाची बातमी कळल्यावर सिद्धार्थ कपिलवस्तूस परतला असता आणि रोहिणीच्या पाणीवाटपाचे काम त्याने आयुष्यभर नीट पाहिले असते, तर त्याचे ते जीवन कमी अर्थपूर्ण झाले असते काय? वर्गात यावर दोन तट पडले आहेत, आणि आम्हीही अजून कोणत्या बाजूला ते ठरविलेले नाही.